एक संकल्पना, अनेक नावे : आलेखांच्या 'वृक्ष-रुंदी'चा इतिहास आणि रुंदी-मापकांचे परस्परसंबंध

सारांश

एखादा आलेख वृक्षाच्या किती जवळचा आहे, हे मोजणारी 'वृक्ष-रुंदी' ही संकल्पना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात किमान तीन वेळा, तीन वेगवेगळ्या गरजांतून, स्वतंत्रपणे मांडली गेली. प्रस्तुत निबंधात या मांडण्यांचा इतिहास दिला असून पथ-रुंदी, शाखा-रुंदी, क्लिक-रुंदी व रँक-रुंदी या मापकांशी असलेले तिचे संबंध तपासले आहेत. नागपूरशी नाते असलेले गणिती शरच्चंद्र शंकर श्रीखंडे यांच्या आलेखाचे उदाहरण घेऊन, मापकांच्या तुलनेतून काय कळते व काय कळत नाही याची चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : आलेख सिद्धांत, वृक्ष-विघटन, वृक्ष-रुंदी, शाखा-रुंदी, श्रीखंडे आलेख, गणिताचा इतिहास.

१. प्रस्तावना

२६ एप्रिल १९५९ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर गणितातील एका शोधाची बातमी छापून आली. लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात मांडलेले एक अनुमान राज चंद्र बोस, शरच्चंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी खोटे ठरविले होते. ४ ने भागिल्यास बाकी २ उरते अशा कोटीचे परस्पर लंब लॅटिन चौरस अस्तित्वात नसतात, असे ते अनुमान होते. २ आणि ६ हे अपवाद वगळता अशा प्रत्येक कोटीचे लंब चौरस असतात, हे या तिघांनी पुढे सिद्ध केले. यांपैकी श्रीखंडे (१९१७-२०२०) यांचे शिक्षण नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयात झाले. पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे ते संस्थापक प्रमुख झाले.

ऑयलरच्या अनुमानाची कथा नागपूरच्या गणित विभागांत आजही सांगितली जाते. मात्र त्याच १९५९ साली श्रीखंडे यांनी प्रसिद्ध केलेला दुसरा एक निष्कर्ष तितकासा परिचित नाही. त्या निष्कर्षातून १६ शिरोबिंदूंचा एक आलेख पुढे आला व तो आज जगभर 'श्रीखंडे आलेख' या नावाने ओळखला जातो. अनेक प्रचलित संख्यात्मक कसोट्यांवर तो दुसऱ्या एका आलेखाशी तंतोतंत जुळतो. तरीही ते दोन आलेख भिन्न आहेत. म्हणजे सारख्या संख्यांमागे दोन वेगळ्या वस्तू उभ्या असू शकतात.

प्रस्तुत निबंधाचा विषय याच्या उलट बाजूचा आहे. वेगवेगळ्या नावांखाली, वेगवेगळ्या ज्ञानशाखांत, एकच राशी पुनःपुन्हा मोजली गेली आणि ती एकच आहे हे कळण्यास बराच काळ जावा लागला. एकाच महाविद्यालयात शेजारी बसणाऱ्या विभागांना परस्परांचे काम ठाऊक नसणे हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. त्या अनुभवाची शास्त्रीय किंमत काय असते, हे या इतिहासावरून दिसते.

२. उद्दिष्टे

(१) वृक्ष-विघटन व वृक्ष-रुंदी या संकल्पना गणितेतर शाखांतील अध्यापकांनाही समजतील अशा रीतीने स्पष्ट करणे.
(२) त्यांच्या स्वतंत्र मांडण्यांचा कालक्रम देणे.
(३) प्रमुख रुंदी-मापकांमधील असमानतांचे स्वरूप व अर्थ सांगणे.

सिद्धांतांच्या संपूर्ण सिद्धता देणे हा या निबंधाचा हेतू नाही.

३. वृक्ष-रुंदी म्हणजे काय?

काही बिंदू आणि त्यांतील काही जोड्यांना सांधणाऱ्या कडा, एवढ्यानेच आलेख बनतो. ज्या सलग आलेखात एकही चक्र नसते त्यास वृक्ष म्हणतात. नागपूर मेट्रोच्या २०२२ अखेर पूर्ण झालेल्या पहिल्या टप्प्याचा नकाशा हे वृक्षाचे उत्तम उदाहरण होय. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर या दोन मार्गिका सीताबर्डी येथे एकमेकींना छेदतात व अन्यत्र कोठेही भेटत नाहीत. कोणत्याही स्थानकापासून दुसऱ्या स्थानकापर्यंत जाण्याचा मार्ग एकच असतो.

वृक्षावरील गणनप्रश्न सोपे असतात. टोकाकडून सुरुवात करून आत येत गेले की प्रत्येक टप्प्यावर एकाच सांध्याची माहिती पुढे न्यावी लागते. आलेखात चक्रे असली तर हे साधत नाही. तरीही बिंदूंचे लहान लहान गट करून ते गट वृक्षासारखे मांडता येतात का, हा प्रश्न उरतो. अशा मांडणीस वृक्ष-विघटन म्हणतात. तिच्या अटी तीन आहेत. प्रत्येक शिरोबिंदू कोणत्या तरी गटात असावा. प्रत्येक कडेची दोन्ही टोके कोणत्या तरी एका गटात एकत्र यावीत. आणि एखादा बिंदू ज्या ज्या गटांत येतो ते गट वृक्षावर परस्परांशी सलग असावेत. सर्वांत मोठ्या गटातील बिंदूंच्या संख्येतून १ वजा केला की त्या विघटनाची रुंदी मिळते. सर्व शक्य विघटनांतील सर्वांत लहान रुंदी ही त्या आलेखाची वृक्ष-रुंदी होय. १ वजा करण्याचे कारण एवढेच की, त्यामुळे वृक्षाची रुंदी १ येते. मेट्रोच्या नकाशात लगतच्या दोन-दोन स्थानकांचे गट केले की काम भागते.

भौतिकशास्त्राच्या अध्यापकांना रुंदी २ आणि ३ यांतील फरक प्रयोगशाळेतूनच परिचित आहे. केवळ एकसर व समांतर जोडणीच्या नियमांनी सोडविता येणाऱ्या मंडलांच्या आलेखांची वृक्ष-रुंदी २ पेक्षा अधिक नसते. व्हीटस्टन सेतूला हे नियम पुरत नाहीत. त्यातील चार रोध, गॅल्व्हनोमीटर आणि विद्युतघट या सहा शाखा मिळून चार बिंदूंचा संपूर्ण आलेख तयार होतो व त्याची वृक्ष-रुंदी ३ असते. एकसर-समांतर जाळ्यांमध्ये हा चार बिंदूंचा आलेख दडलेला नसतो, हे वैशिष्ट्य आर. जे. डफिन यांनी १९६५ मध्ये मांडले. वृक्ष-रुंदी हा शब्द तेव्हा अस्तित्वात नव्हता; पण 'दोनपर्यंत सोपे, तीनपासून निराळे' ही सीमारेषा मात्र आखली गेली होती.

४. संकल्पनेचे तीन जन्म

पहिला जन्म इष्टतमीकरणाच्या क्षेत्रात झाला. उंबेर्तो बेर्तेले आणि फ्रांचेस्को ब्रिओस्की या इटालियन संशोधकांचा गतिक प्रोग्रॅमिंगवरील ग्रंथ १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक चलांचे एखादे फल लघुतम करावयाचे असेल, तर चले एकामागून एक काढून टाकता येतात. एक चल काढले की त्याच्याशी संबंधित उरलेली सर्व चले परस्परांत गुंततात. कोणत्या क्रमाने चले काढल्यास हा गुंता कमीत कमी राहील, हा त्यांचा प्रश्न होता. सर्वोत्तम क्रमातही एका वेळी जास्तीत जास्त जितकी चले गुंततात, त्या संख्येला त्यांनी प्रश्नाची 'मिती' म्हटले. ही मिती म्हणजेच वृक्ष-रुंदी होय.

दुसरा जन्म शुद्ध गणितात झाला. क्लाउस वाग्नर यांनी १९३७ मध्ये दाखविले होते की, पाच बिंदूंचा संपूर्ण आलेख ज्यांच्यात मायनर म्हणून सापडत नाही असे आलेख सपाट आलेख आणि आठ बिंदूंचा एक विशिष्ट आलेख यांचे तुकडे सांधून तयार होतात. (कडा काढून टाकून व कडा आकुंचित करून मिळणाऱ्या आलेखास मायनर म्हणतात.) तुकडे वृक्षासारखे सांधण्याची कल्पना येथे बीजरूपाने आहे. वाग्नर यांचे शिष्य रुडॉल्फ हालिन यांनी १९७६ मध्ये आलेखांवरील काही फलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मायनर घेतल्यास मूल्य वाढू नये. सर्व बिंदूंशी जोडलेला नवा बिंदू घातल्यास मूल्य १ ने वाढावे. दोन आलेख संपूर्ण भागावर सांधल्यास दोहोंपैकी मोठे मूल्य यावे, अशा त्यांच्या अटी होत्या. या अटी पाळणाऱ्या सर्व फलांमध्ये एक फल सर्वांत मोठे असते, असे हालिन यांना आढळले. त्याचे मूल्य वृक्ष-रुंदीपेक्षा नेमके १ ने अधिक असते.

तिसऱ्या जन्माने संकल्पनेला आजचे नाव दिले. नील रॉबर्टसन आणि पॉल सेमूर यांनी आलेखांच्या मायनरांविषयीची लेखमाला १९८३ मध्ये सुरू केली. पहिल्या लेखात पथ-रुंदी आली, १९८४ च्या लेखात वृक्ष-रुंदी आली आणि १९८६ मध्ये तिच्या गणनविषयक परिणामांचा विचार झाला. आलेखांच्या कोणत्याही अनंत क्रमिकेत एक आलेख दुसऱ्याचा मायनर असतोच, हे वाग्नर यांच्या नावाने ओळखले जाणारे अनुमान सिद्ध करणे हे त्यांचे ध्येय होते. ते २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विसाव्या लेखात साध्य झाले. म्हणजे ज्या राशीला इटालियन संशोधकांनी श्रम वाचविण्याचे साधन मानले होते, तीच राशी येथे एका खोल रचना-सिद्धांताचा पाया ठरली.

याच सुमारास स्टेफान आर्नबोर्ग व आंद्झेई प्रोस्कुरोव्स्की 'आंशिक क-वृक्ष' या नावाने एका आलेखवर्गाचा अभ्यास करीत होते. ज्यांची वृक्ष-रुंदी क पेक्षा अधिक नाही, नेमके तेच आलेख या वर्गात येतात. अशा रीतीने एकाच राशीची चार नावे प्रचारात होती. व्याख्या परस्परांशी ताडून पाहिल्यावरच ती एक असल्याचे उघड झाले. यात कोणाचे श्रेय कोणी हिरावून घेतले असे म्हणता येणार नाही. मात्र दोन क्षेत्रांचे वाचक एक नसल्यामुळे गणनाची रीत एका बाजूला आणि रचनेचे ज्ञान दुसऱ्या बाजूला कित्येक वर्षे पडून राहिले, ही वस्तुस्थिती आहे.

५. रुंदी-मापकांचे परस्परसंबंध

एक राशी चार नावांनी ओळखली जाते हे कळल्यावर साहजिकच पुढचा प्रश्न येतो. तिच्याशी साम्य असणारी जी अन्य मापके आहेत, ती तिच्या किती जवळची आहेत? या जवळिकीच्या चार पायऱ्या आढळतात.

५.१ पूर्ण समानता. मिती, आंशिक क-वृक्षाचा लघुतम क आणि वृक्ष-रुंदी एकच आहेत; हालिन यांचे महत्तम फल केवळ १ ने अधिक आहे. सेमूर आणि रॉबिन थॉमस यांनी १९९३ मध्ये यात एका खेळाची भर घातली. आलेखाच्या कडांवरून कितीही वेगाने पळू शकणाऱ्या फरार व्यक्तीस पकडावयाचे आहे. पोलीस तिला पाहू शकतात व हेलिकॉप्टरने हव्या त्या बिंदूवर उतरू शकतात. तिला निश्चितपणे पकडण्यासाठी लागणाऱ्या पोलिसांची किमान संख्या वृक्ष-रुंदीपेक्षा १ ने अधिक असते.

५.२ स्थिर पटीतील जवळीक. रॉबर्टसन व सेमूर यांनी १९९१ मध्ये शाखा-रुंदी हे मापक दिले. यात बिंदूंऐवजी कडांची वाटणी वृक्षावर केली जाते. शाखा-रुंदी २ किंवा अधिक असल्यास ती 'वृक्ष-रुंदी अधिक १' पेक्षा मोठी नसते आणि 'वृक्ष-रुंदी अधिक १' ही शाखा-रुंदीच्या दीडपटीपेक्षा मोठी नसते. १०० बिंदूंच्या संपूर्ण आलेखाची वृक्ष-रुंदी ९९ व शाखा-रुंदी ६७ आहे. म्हणजे दीडपटीची मर्यादा येथे जवळजवळ गाठली जाते. दोन्ही मापके एवढी जवळ असूनही गणनाच्या दृष्टीने ती सारखी वागतात असे नाही. सपाट आलेखाची शाखा-रुंदी बहुपदी वेळात काढता येते, हे सेमूर व थॉमस यांनी १९९४ मध्ये दाखविले. त्यावरून सपाट आलेखाच्या वृक्ष-रुंदीचा दीडपटीच्या आत अंदाज लगेच मिळतो. जवळचे मापक सोपे असेल तर अवघड मापकाचे काम त्याच्याकडून करून घेता येते, हा या असमानतेचा व्यावहारिक लाभ होय.

५.३ आकारासह वाढणारे अंतर. गट वृक्षाऐवजी एका सरळ ओळीत मांडण्याची सक्ती केली की पथ-रुंदी मिळते. ती वृक्ष-रुंदीपेक्षा कधीही लहान नसते. मेट्रोच्या नकाशाची वृक्ष-रुंदी १ असली तरी पथ-रुंदी २ आहे. सीताबर्डीहून चार दिशांना लांब फाटे फुटतात. ओळीने जाताना मधले फाटे संपेपर्यंत सीताबर्डी प्रत्येक गटात धरून ठेवावी लागते. फाट्यांना फाटे फुटत गेले की पथ-रुंदी वाढत जाते, वृक्ष-रुंदी मात्र १ च राहते. तथापि ही वाढ अनिर्बंध नसते. वृक्ष-रुंदी स्थिर असेल तर पथ-रुंदी बिंदुसंख्येच्या लॉगॅरिदमच्या स्थिर पटीपलीकडे जात नाही.

५.४ एकतर्फी नाते. १०० बिंदूंचा संपूर्ण आलेख दाट असला तरी त्याचे वर्णन एका वाक्यात करता येते. अशा दाट पण नियमबद्ध आलेखांसाठी ब्रुनो कुर्सेल, योस्ट एंगेलफ्रीट आणि ग्झेगोश रोझेनबर्ग यांच्या १९९३ मधील कामातून क्लिक-रुंदी पुढे आली. संपूर्ण आलेखाची क्लिक-रुंदी २ असते, मग बिंदू कितीही असोत. त्यामुळे क्लिक-रुंदी लहान असल्याने वृक्ष-रुंदी लहान ठरत नाही. उलट दिशेचे विधान मात्र खरे आहे. डेरेक कॉर्नील व ऊदी रोटिक्स यांनी २००५ मध्ये दाखविले की, वृक्ष-रुंदी क असल्यास क्लिक-रुंदी २ च्या (क − १) व्या घाताच्या तिपटीपेक्षा अधिक नसते आणि ही घातांकी वाढ टाळता येत नाही. सांग-इल ओम व सेमूर यांनी २००६ मध्ये मॅट्रिक्सच्या कोटीवर आधारलेली रँक-रुंदी मांडली. ती क्लिक-रुंदीपेक्षा मोठी नसते आणि क्लिक-रुंदी तिच्या घातांकी फलाने बांधलेली असते. म्हणजे एक मर्यादित तर दुसरीही मर्यादित. वृक्ष-रुंदी व शाखा-रुंदी हे एक कुटुंब आणि क्लिक-रुंदी व रँक-रुंदी हे दुसरे, असे चित्र यातून स्पष्ट होते.

भारतीय संशोधनाचाही येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. एल. सुनील चंद्रन व नवीन शिवदासन यांनी २००७ मध्ये सिद्ध केले की, आलेखाची बॉक्सिसिटी, म्हणजे पेट्यांच्या छेदनातून तो आलेख दाखविण्यासाठी लागणारी किमान मिती, वृक्ष-रुंदीपेक्षा जास्तीत जास्त २ ने अधिक असते. भूमितीतील एक मापक आणि रचनेतील एक मापक यांना जोडणारा हा सोपा व उपयुक्त दुवा आहे.

६. श्रीखंडे आलेख : एक पडताळा

आता प्रस्तावनेतील आलेखाकडे वळू. बुद्धिबळाच्या ४ × ४ पटावरील १६ घरे हे बिंदू मानून, हत्ती एका चालीत ज्या घरांत जाऊ शकतो ती घरे जोडली की हत्तीचा आलेख मिळतो. प्रत्येक बिंदूचे ६ शेजारी, एकूण कडा ४८, कोणत्याही दोन शेजाऱ्यांचे २ सामाईक शेजारी आणि शेजारी नसलेल्या दोहोंचेही २ सामाईक शेजारी, असे त्याचे वर्णन आहे. पटाची बाजू ४ सोडून दुसरी कोणतीही असेल तर अशा वर्णनावरून आलेख एकमेव ठरतो, हे श्रीखंडे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. बाजू ४ असताना मात्र दुसराही एक आलेख त्याच वर्णनात बसतो व तोच श्रीखंडे आलेख होय. दोघांची आयगेनमूल्येही ६, २ आणि −२ हीच असून त्यांची आवर्तनेही सारखीच आहेत. फरक शेजारात आहे. हत्तीच्या आलेखात एका बिंदूचे सहा शेजारी दोन सुट्या त्रिकोणांत विभागले जातात. श्रीखंडे आलेखात ते सहा बिंदूंच्या एका चक्रात गुंफलेले असतात.

या आलेखाच्या वृक्ष-रुंदीचा अंदाज हाताने करता येतो. कोणत्याही काटेकोर विघटनाच्या टोकाच्या गटात असा एक बिंदू असतो, जो अन्य कोठेही येत नाही. त्यामुळे त्याचे सहाही शेजारी त्याच गटात असावे लागतात. म्हणून गट किमान ७ बिंदूंचा व रुंदी किमान ६ असते. दुसऱ्या बाजूने, १६ बिंदू चार-चारच्या चार स्तंभांत मांडून पहिला स्तंभ सतत हाती ठेवावा आणि दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत एकेक बिंदू बदलत सरकावे. असे केल्यास कोणत्याही गटात १० पेक्षा अधिक बिंदू लागत नाहीत. म्हणून रुंदी ९ पेक्षा अधिक नाही.

या छोट्या गणनेतून दोन गोष्टी लक्षात येतात. वरची मर्यादा देण्यासाठी एक विघटन दाखविणे पुरते. खालच्या मर्यादेसाठी 'यापेक्षा चांगले विघटन असूच शकत नाही' याचा पुरावा लागतो व तो देणे अवघड असते. शिवाय ६ ही मर्यादा केवळ शेजाऱ्यांच्या संख्येवरून आली असल्याने ती हत्तीच्या आलेखालाही तशीच लागू पडते. दोघांतील भेद तिला दिसत नाही. सेमूर-थॉमस सिद्धांताचे महत्त्व येथे कळते. परस्परांना स्पर्श करणाऱ्या सलग भागांचे एक कुटुंब दाखविले की खालच्या मर्यादेचा पुरावा मिळतो आणि योग्य कुटुंब निवडल्यास तो नेमका वृक्ष-रुंदीपर्यंत पोहोचतो.

७. उपयोग व मर्यादा

वृक्ष-रुंदी नेमकी काढणे हा प्रश्न एनपी-पूर्ण आहे, हे आर्नबोर्ग, कॉर्नील व प्रोस्कुरोव्स्की यांनी १९८७ मध्ये दाखविले. मात्र रुंदी ठरावीक संख्येपेक्षा अधिक नाही ना, हे तपासणारी एकघाती वेळाची रीत हान्स बोडलेंडर यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केली. कुर्सेल यांच्या १९९० च्या सिद्धांतानुसार, तर्कशास्त्राच्या एका विस्तृत भाषेत मांडता येणारा कोणताही गुणधर्म मर्यादित वृक्ष-रुंदीच्या आलेखांवर एकघाती वेळात तपासता येतो. व्यवहारात यातील स्थिरांक प्रचंड असू शकतात, ही मर्यादाही नोंदविणे उचित ठरेल. संख्याशास्त्रात लॉरिट्झेन व स्पीगेलहाल्टर यांनी १९८८ मध्ये संभाव्यतांच्या जाळ्यांसाठी दिलेली गणनरीत अशाच गटांच्या वृक्षावर चालते. मिक्केल थोरुप यांनी १९९८ मध्ये दाखविले की, 'गोटू' आज्ञा न वापरता सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या प्रवाह-आलेखाची वृक्ष-रुंदी ६ पेक्षा अधिक नसते.

वृक्ष-रुंदी मोठी का होते, याचे उत्तर रॉबर्टसन-सेमूर यांनी १९८६ मध्येच दिले होते. ती मोठी असेल तर आलेखात मोठी चौकडीची जाळी मायनर म्हणून असतेच. त्यांच्या मूळ सिद्धतेतील संख्या अवाढव्य होत्या. चंद्रा चेकुरी व जूलिया चुझॉय यांनी २०१० नंतरच्या दशकात हे नाते बहुपदी असल्याचे सिद्ध केले.

८. निष्कर्ष

(१) वृक्ष-रुंदी ही संकल्पना कोणा एका शाखेची नाही. इष्टतमीकरण, शुद्ध आलेख सिद्धांत आणि गणनशास्त्र यांच्या गरजांतून ती स्वतंत्रपणे जन्मली आणि व्याख्यांच्या तुलनेतूनच तिचे एकत्व सिद्ध झाले.

(२) मापकांमधील असमानता हा केवळ तांत्रिक तपशील नव्हे. दोन मापके समान आहेत, दीडपटीच्या आत आहेत, लॉगॅरिदमने दूर आहेत की एकाच दिशेने बांधलेली आहेत, यावर एका क्षेत्रातील ज्ञान दुसऱ्या क्षेत्रात नेता येईल की नाही हे ठरते.

(३) श्रीखंडे आलेख या अभ्यासाला आवश्यक तो संयम शिकवितो. संख्या जुळल्या म्हणून वस्तू एक होत नाहीत. आणि नावे वेगळी म्हणून वस्तू वेगळ्या होत नाहीत. दोन्ही बाबतींत निर्णय देण्यापूर्वी रचना तपासावी लागते.

पदवी स्तरावरील आलेख सिद्धांताचा अभ्यासक्रम सर्वसाधारणपणे ऑयलर व हॅमिल्टन यांचे मार्ग, सपाटता आणि रंगभरण येथे थांबतो. त्यात वृक्ष-विघटनाचे दोन-तीन तास सहज बसू शकतील. व्हीटस्टन सेतू भौतिकशास्त्र विभागात आहे, संभाव्यतांची जाळी संख्याशास्त्र विभागात आहेत आणि प्रोग्रॅमचे प्रवाह-आलेख संगणक विभागात आहेत. हे तास या विभागांच्या अध्यापकांनी एकत्र बसून घेतले, तर १९७२ ते १९८६ या काळात तीन क्षेत्रांनी परस्परांना न वाचता जे वेगवेगळे शोधले, ते आपल्या विद्यार्थ्यांना एकाच फळ्यावर पाहता येईल.